घरात पडलेली चौतीस माणसं

चौतीस माणसं घरात पडली होती. कुणी न्हाणीत, कुणी पडवीत, कुणी माळ्यावरून उतरताना. प्रस्तावाच्या सातव्या पानावर रघूने तसा तक्ता करून पाठवला होता. सोमवारी सकाळी मुंबईच्या प्रतिष्ठानातून दिशा मॅडमचा फोन आला. आवाज गोड, बोलणं सरळ. त्यांनी विचारलं, "रघूजी, तुमच्याकडे घरं कसली बांधतात हो?"

रघू हसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की बाई हसत नव्हत्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. हा निधी शेतात, बागेत, समुद्रावर काम करताना कायमचं अपंगत्व आलेल्या माणसांसाठी आहे. घरात पडलेल्यांसाठी दुसरे निधी असतील, हा नाही. प्रस्ताव चांगला आहे, हिशेब चोख आहे, पण तक्ता बघून समिती पहिल्याच फेरीत बाजूला ठेवील. काही चुकलं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत दुरुस्त करता येईल. निदान पंधरा माणसांचं लेखी निवेदन हवं, कुठे आणि काय काम करताना पडलो याचं, आणि प्रत्येक निवेदनावर संस्थेच्या अध्यक्षाची सही.

फोन ठेवून रघू तक्त्याकडे बघत बसला. बसणं हे त्याचं कामच होतं. संस्थेत कॉम्प्युटरवर कोण बसणार असा प्रश्न आला तेव्हा जखमांच्या पट्ट्या बदलणाऱ्या गंगाताई म्हणाल्या होत्या, "ह्याला द्या, हा तसाही उठत नाय." तेव्हापासून प्रस्ताव रघूच लिहायचा. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकला. आधीचे पाच प्रस्ताव नाकारले गेले होते. एका ठिकाणी 'लाभार्थ्याची हृदयस्पर्शी कहाणी, पाचशे शब्दांत, छायाचित्रासह' मागितली होती. रघूने कुल्यावरच्या जखमेचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही. हृदयाला स्पर्श करायचा तर तो जरा वरच्या अंगाने करायचा असतो, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं.

चौतिसातली चार माणसं खरोखरच घरात पडली होती. बाकीची तीस आंब्याच्या, माडाच्या नाहीतर पोफळीच्या झाडावरून. रघू त्यातलाच, अकरा वर्षांपूर्वीचा, हापूसच्या झाडावरचा. कमरेखाली तेव्हापासून काही नाही.

मग घरात पडला असं का लिहायचं? बाहेरच्या माणसाला हे सांगायला बसलं की तो म्हणतो, मालक धमकावत असतील. तेवढं असतं तर बरं होतं, निदान धमकीची तक्रार तरी करता आली असती. इथे कुणी धमकावत नाही, गरजच पडत नाही. माणूस झाडावरून पडतो, मालक स्वतःची गाडी काढतो, मागच्या सीटवर आडवा घालतो, आणि गाडी शहरात शिरेपर्यंत घरच्यांनीच ठरवलेलं असतं की डॉक्टरांना काय सांगायचं. झाड म्हटलं की पोलीस येणार, जबाब होणार, आणि ज्याने गाडी काढली त्याच्याच मागे लचांड लागणार. ते बरं दिसत नाही. रघूच्या आईने तर मालकाने तोंड उघडायच्या आत डॉक्टरांना सांगून टाकलं होतं, "पडवीत पडला." हॉस्पिटलच्या कागदावर तेच चढलं. कागदावरून अपंगत्वाच्या दाखल्यावर आलं. दाखल्यावरून रघूने स्वतःच्या हाताने तक्त्यात उतरवलं, आणि उतरवताना त्याला काहीसुद्धा वाटलं नाही. संताप यायचा असेल तर माणसाला याचा यावा.

आणि त्याचा मालक म्हणजे हरिश्चंद्र अण्णा. आरे-वारेच्या रस्त्यावर वर सड्याला, कातळाच्या माळावर, त्यांची बाग. संस्थेला जागा दिली ती त्यांनीच, बागेची जुनी पॅकिंगची शेड. संस्थेचे अध्यक्षही तेच.

अण्णा वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण होती. रघू हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा नऊ दिवस बाहेरच्या बाकावर बसून होते. पहिली व्हीलचेअर त्यांनी आणली. रघूसारखी आणखी माणसं आहेत हे कळल्यावर शेड रिकामी करून दिली, संस्था नोंदवली, बागायतदार मित्रांकडून कपाट, टाकी, पंखे मागून आणले. प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव तेवढं ठळक रंगवलेलं. पंख्याच्या पात्यावरसुद्धा. पंखा चालू असला की दाता दिसायचा नाही, म्हणून वाढदिवसाला तो आला की पंखा बंद करावा लागायचा.

पण पंख्याने जखमा भरत नाहीत. कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाला एकाच कुशीवर ठेवलं की मांस सडतं, आणि त्याला कळतसुद्धा नाही. गेल्या साली संस्थेची दोन माणसं अशीच गेली. मरणाच्या दाखल्यावर लिहिलं हृदयक्रिया बंद पडून. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. सरकारने शब्द बदलला, अपंगाचे दिव्यांग केले, पडून असलेल्या माणसाच्या खोलीतला वास मात्र तोच राहिला.

त्या वासात जाणारं माणूस एकच, गंगाताई. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, वय चौसष्ट. सहा वर्षं स्वतःच्या स्कूटीवरून, स्वतःच्या पेन्शनच्या पेट्रोलवर, तीस-तीस किलोमीटर आतल्या वाड्यांत जाऊन पट्ट्या बदलत होत्या. आता त्यांचे गुडघे गेले होते. दिवाळीपर्यंत रेटते, पुढे नाही, असं त्यांनी सांगून टाकलेलं. प्रस्तावात मागितलं होतं ते एवढंच: एक गाडी, एक चालक, आणि दोन वर्षं एका परिचारिकेचा पगार.

रघूने मंगळवारपासून फोन लावायला घेतले. पहिला फोन शिवाच्या आईला, गोदूबाईला. शिवा सव्वीस वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी पडलेला, आणि त्याची जखम सगळ्यांत खोल. गोदूबाईने सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की शिवाच्या धाकट्या भावाला त्याच मालकानं या साली पण बोलावलान हाय, तो आत्ता तिथेच झाडावर हाय. रघूने पुढे विचारलं नाही.

बाकीचे नाही म्हणाले नाहीत. होही म्हणाले नाहीत. ज्याला त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. रघू, तुझा लिहिलास? अण्णांनी सही केलानी? एकाने तर हसत हसत सुनावलं की तुझा मालक संस्थेचा अध्यक्ष, तुझी व्हीलचेअर त्याची, बूड टेकतोस ती जागा त्याची, आणि आम्हाला सांगतोस खरं बोला. आधी तुझा कागद दाखव, मग आमचा घे.

बुधवारी दुपारपर्यंत सत्तावीस फोन झाले, दोन लागलेच नाहीत. एकही कागद हातात नव्हता. गंगाताई शेडच्या दारात खुर्ची टाकून गुडघ्याला तेल चोळत सगळं ऐकत होत्या.

"सगळ्यांना लावलेस फोन," त्या म्हणाल्या. "शेजारी अण्णांच्या बागेत तेवढा लागला नाय."

"रेंज नसते तिथे."

"रेंज नाय की दम नाय?"

रघूने तोंड फिरवलं. गंगाताई तेल चोळत राहिल्या. मग उठून भिंतीला धरत धरत दोन पायऱ्या उतरल्या. दर पायरीला थांबून. स्कूटीवर बसताना त्यांनी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, जसा रघू स्वतःचा ठेवायचा. त्या दिवशी त्यांना अजून तीन घरं करायची होती.

संध्याकाळी रघूने स्वतःचं निवेदन लिहिलं. पाच ओळी झाल्या. गेली अकरा वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते पाच ओळींत बसतं याचं त्याला नवल वाटलं. तारीख, सकाळी साडेसात, बागेचं ठिकाण, उंची अंदाजे पंचवीस फूट, पाय घसरला. मालकाचं नाव फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं, पण ठिकाण लिहिलं की ते कळणारच.

गुरुवारी सकाळी तो तीनचाकी स्कूटरवरून बागेत गेला. हंगाम ऐन भरात होता. गडी झाडांवर होते, सगळे नेपाळी, इकडे त्यांना गुरखे म्हणतात. आमची पोरं मुंबईला गेली आणि झाडं ह्यांच्या वाट्याला आली. त्यांच्यातला कुणी पडला तर तो आपल्या तक्त्यातसुद्धा येत नाही. त्याला गाडीत घालून गावाला पाठवतात, आणि तिथे तो कुठल्या कुशीवर झोपतो हे कुणाला ठाऊक नसतं.

मांडवाखाली अण्णा पाटावर बसून फळं निवडत होते. बहात्तर वर्षांचे, अजून प्रत्येक पेटी स्वतःच्या डोळ्यांखालून जायला हवी. रघूला बघून त्यांनी एक आंबा त्याच्या मांडीवर ठेवला.

"काय रे, सकाळी सकाळी? पैसे आले मुंबईचे?"

"नाय. सही हवी तुमची."

"आण."

अण्णा सही करताना कधी वाचत नसत. आजही पेन काढून मोकळे झाले होते. रघूने कागद दिला नाही. म्हणाला, "आधी वाचा."

अण्णांनी चष्मा पुसला, वाचायला सुरुवात केली. पाच ओळींना त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी कागद मांडीवर पालथा ठेवला आणि हातातल्या फळाचा देठ बघू लागले.

"म्हणजे मी गुन्हेगार," ते म्हणाले.

"तसं कुठे लिहिलंय?"

"वाचणारा काय वाचेल?"

रघूने सगळं समजावून सांगितलं. निधी कुणासाठी आहे, पंधरा कागद का हवेत, बाकीचे कुणाकडे बघून थांबलेत. अण्णांनी ऐकलं. मग त्यांनी मुद्द्यालाच हात घातला. गाडी मी घेऊन देतो, म्हणाले. उद्याच्या उद्या शोरूमला जाऊ. गंगाबाईंचं पेट्रोल देतो, पगार देतो. मुंबईवाल्यांचे पाय कशाला धरायचे? हा कागद फाडून टाक.

आणि रघूचं मन हललं, हे लपवण्यात अर्थ नाही. गाडी दारात येत होती. गंगाताईंचे गुडघे वाचत होते. शिवाच्या घरी आठवड्यातून दोनदा जाता येणार होतं, आणि त्यासाठी कुणाला तोंड उघडावं लागणार नव्हतं. हो म्हटलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. संस्थेतल्या कुणी त्याला नावं ठेवली नसती.

तो म्हणाला, "किती वर्षं द्याल पगार?"

"मी हाय तोवर."

"आणि मग? तुमच्या मुलाला आमची नावंसुद्धा माहीत नायत, अण्णा. तुम्ही दिलात तर आम्ही घेऊ, हात जोडू, गाडीवर तुमचा नाव रंगवू. पण पुढच्या साली जो पडेल तो परत पडवीतच पडेल."

"अकरा वर्षांत मी तुला काय कमी केला?" अण्णांचा आवाज चढला नाही. ते खरोखरच विचारत होते.

"काय नाय कमी केलात."

"मग?"

"म्हणून तर बोलता आला नाय."

समोरच्या झाडावर एक गुरखा वरच्या फांदीवर पाय रोवून झेला पुढे सारत होता, लांब काठीला जाळी बांधलेला. टोकाचं फळ जाळीत यावं म्हणून तो एक पाऊल पुढे सरकला. फांदी वाकली. रघूचे डोळे तिथे खिळले. अण्णांचेही. फळ जाळीत पडलं, गडी मागे सरला, आणि मांडवातल्या दोघांनी एकदमच श्वास सोडला. आपण एकमेकांना हे करताना पाहिलं, हे दोघांनाही कळलं.

अण्णांनी कागद पुन्हा सुलटा केला.

"ह्यात ओल्याचा नाय लिहिलास," ते म्हणाले.

रघूने मांडीवरचा आंबा उचलून पेटीत ठेवला.

"रात्री अवकाळी पडून गेलेला. झाडं निथळत होती. तू खाली उभा राहून म्हणालास, अण्णा, दोन तास जाऊ देत, फांदी धरवत नाय. वाशीचा ट्रक उभा होता. मी म्हटला, चढ, ट्रक थांबणार नाय." त्यांनी चष्मा काढला. "ता का नाय लिहिलास?"

"मला वाटला तुम्ही विसरलात."

"मी विसरेन काय रे?"

रघूला काय वाटलं ते त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. राग होता, पण जुन्या ओळखीचा माणूस दारात यावा तसा. अकरा वर्षं तो समजत होता की ते वाक्य त्याच्या एकट्यापाशी आहे. दर मंगळवारी दोघे सह्यांना बसायचे, गणपतीला एका पंगतीला जेवायचे, आणि ते वाक्य दोघांच्या मध्ये बसून जेवत होतं.

अण्णांनी पेन घेतलं. पाचव्या ओळीखाली जागा होती तिथे वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: 'झाड ओले आहे असे रघूने सांगितले होते. मी चढ म्हटले.' खाली सही केली, नाव लिहिलं, आणि नावापुढे कंसात 'बागमालक' असंही लिहिलं. फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती. मग कागद परत देताना म्हणाले, "आता बागायतदारांच्या मीटिंगला जायची सोय राहिली नाय. तसा चहापण बरा नव्हताच तिथला."

एवढ्याने अण्णा देवमाणूस झाले असं कुणी समजू नये. ते वाक्य लिहायला त्यांना अकरा वर्षं मिळाली होती, आणि विचारायला दारात माणूस यावा लागला, तोही ज्याला चालता येत नाही तो. पण लिहिलं हे खरं. असं लिहिणारा दुसरा बागमालक रघूला तोवर भेटला नव्हता, अजूनही भेटलेला नाही.

रघूने मांडवातच कागदाचा फोटो काढला. रेंज खरंच नव्हती. रस्त्यावर आल्यावर तो फोटो सत्तावीस जणांना गेला. संध्याकाळपर्यंत चार निवेदनं आली, रात्री सहा, शुक्रवारी दुपारपर्यंत आणखी नऊ. काही वहीच्या पानावर, एक लग्नपत्रिकेच्या पाठीवर. दोघांनी पाठवली आणि तासाभराने परत मागितली. रघूने ती काढून टाकली, कारण विचारलं नाही. उरली सतरा, आणि रघूचं धरून अठरा. अण्णा शेडमध्ये येऊन बसले आणि प्रत्येक कागद वाचून सही करत गेले. दोन कागदांवर त्यांच्या मित्रांच्या बागा होत्या. तिथे ते थांबले, पाणी प्यायले आणि सही केली. शिवाचा कागद त्यांत नव्हता. चार चाळीसला रघूने सगळं पाठवून दिलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. तीन बागायतदारांनी देणगी बंद केली. एकाने तर टेम्पो पाठवून पाण्याची टाकी परत नेली. गंगाताईंनी टेम्पोवाल्याला सांगितलं की थांब जरा, पंखापण ने, तेवढा वाढदिवसाला उठायचा त्रास वाचेल. जूनमध्ये दिशा मॅडम येऊन पाहणी करून गेल्या. ऑगस्टमध्ये पत्र आलं. परिचारिकेचा पगार दोन वर्षांसाठी मंजूर. गाडी विकत घ्यायला नामंजूर, भाड्याने घ्यायला मंजूर. समितीच्या मते विकतची गाडी 'शाश्वत' नव्हती. गंगाताईंचे गुडघे शाश्वत वाटले असावेत. पण गाडी मिळाली, चालक मिळाला, आणि आठवड्याची पहिली फेरी शिवाच्या घरापासून सुरू करायची असं रघूने ठरवलं. नियमाप्रमाणे तो यादीत बसत नव्हता. ते फेरीच्या कागदावर कसं दाखवायचं हे आता रघूला चांगलं येत होतं.

अण्णांनी लिहिलेल्या कागदाचा फोटो मात्र सत्तावीस जणांपाशी थांबला नव्हता. सप्टेंबरमध्ये एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई बोलत होती, नाटे गावाच्या बाजूची, राजापूर तालुक्यातली. नाव अक्षया. नवरा गेल्या मे महिन्यात माडावरून पडला होता. तिने तो फोटो कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिला होता.

"आमचा मालक तुमच्या अण्णांसारखा नाय," ती म्हणाली. "तो सही देणार नाय. पण आमचा माणूस झाडावरनंच पडलाय. तुम्ही लिहून घ्याल काय?"

रघूने वही पुढे ओढली, पण लिहायला सुरुवात केली नाही.

"लिहितो. आधी सांगा, त्यांना रात्री कुशीवर कोण वळवतं?"



"वळवायचा असतो?" तिने विचारलं.

रघूने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने वहीवर 'नाटे, राजापूर' एवढंच लिहून वही गंगाताईंकडे फिरवली. त्या नुकत्याच फेरीवरून येऊन टेकल्या होत्या. त्यांनी त्याचं तोंड बघितलं, काय झालं ते विचारलं नाही, आणि चालकाला हाक मारून सांगितलं की गाडी वळवून ठेव, राजापुराकडे जायचा हाय.